दोन पलंग, अठरा ओळी: एलिझाबेथ जेनिंग्स यांची ‘वन फ्लेश’

आजच्या भागात एकच कविता आहे, तीही फक्त अठरा ओळींची. एलिझाबेथ जेनिंग्स या इंग्लिश कवयित्रीची ‘वन फ्लेश’. नेहमीप्रमाणे हे बोललेल्याचं लेखी रूप आहे. बोलताना आलेले ‘म्हणजे’ आणि ‘ॲक्च्युअली’ शक्य तेवढे काढलेत, काही चिकटून राहिलेत.

आधी एक गोष्ट सांगून टाकतो. कविता मी वाचून दाखवणार नाही आणि खाली छापणारही नाही. जेनिंग्स २००१ साली गेल्या. आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतात, म्हणजे २०६१ पर्यंत ही कविता कुणालाही फुकट उचलता येणार नाही. शोधली तर दोन मिनिटांत सापडेल. आधी ती वाचा आणि मग इकडे या, किंवा उलटं करा. मी फक्त तिच्यात काय चाललंय ते सांगतो.

रात्र आहे. एक म्हातारं जोडपं वेगवेगळ्या पलंगांवर पडलंय. खोली बहुधा एकच असावी. त्याच्या हातात पुस्तक आहे, दिवा उशिरापर्यंत चालू आहे, पण तो वाचत नाहीये. ती वर पडलेल्या सावल्यांकडे बघत पडली आहे, एखाद्या लहान मुलीसारखी. दोघंही कशाची तरी वाट बघताहेत असं वाटतं. दुसऱ्या कडव्यात आपल्याला कळतं की हे दोघं आता एकमेकांना क्वचितच स्पर्श करतात. तिसऱ्या कडव्यात त्यांच्यामधली शांतता येते, वय येतं, आणि सतराव्या ओळीत, म्हणजे शेवटून दुसऱ्या ओळीत, एकदम कळतं की बोलणारी व्यक्ती परकी नाही. ही दोघं तिचे आई-वडील आहेत. अजून एक ओळ आणि कविता संपते.

इंग्लंडमध्ये ही कविता शाळांतही शिकवली जाते आणि तिचा जो सारांश सांगितला जातो तो साधारण असा: म्हातारपणी प्रेम विझतं, पूर्वीचं एकत्रपण संपतं, शीर्षक उपरोधिक आहे. ‘वन फ्लेश’ हे शब्द बायबलमधले. उत्पत्तीच्या पुस्तकात दुसऱ्या अध्यायात नवरा-बायको एकदेह होतात असं म्हटलंय, आणि इथे तर दोन देह दोन पलंगांवर. झाला उपरोध. मला हा सारांश पुरत नाही. चूक आहे असं नाही, पण तो कवितेच्या मधल्या सहा ओळी जवळपास सोडून देतो. त्या ओळींमुळेच मी हा भाग करतोय.

थोडं मागे जाऊ. जेनिंग्स यांचा जन्म १९२६ चा, लिंकनशरमधल्या बॉस्टन गावचा. वडील डॉक्टर. त्या सहा वर्षांच्या असताना कुटुंब ऑक्सफर्डला आलं आणि मग आयुष्य जवळजवळ तिथेच गेलं. सेंट ॲन्स कॉलेजात शिक्षण, मग शहराच्या ग्रंथालयात नोकरी. लग्न केलं नाही. आयुष्यभर कॅथलिक राहिल्या, आणि हे या कवितेसाठी महत्त्वाचं आहे. १९५६ मध्ये रॉबर्ट काँक्वेस्ट यांनी ‘न्यू लाइन्स’ नावाचा संग्रह काढला, नऊ कवींचा. फिलिप लार्किन, किंग्जली एमिस, थॉम गन वगैरे मंडळी त्यात होती. नवांपैकी एकच स्त्री होती, ती म्हणजे जेनिंग्स. या गटाला ‘मूव्हमेंट’ म्हणतात. साधी भाषा, नेटकं वृत्त, भावनेचा आव नाही, असं त्यांचं धोरण. पुढे साठच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांना मानसिक आजारपणात हॉस्पिटलमध्ये राहावं लागलं आणि त्या काळातल्या बऱ्याच कविता १९६६ च्या ‘द माइंड हॅज माउंटन्स’ या संग्रहात आल्या. ‘वन फ्लेश’ त्याच संग्रहातली.

हे कळल्यावर मला कविता जरा वेगळी दिसली. वॉर्डमध्ये ज्यांनी रात्री काढल्यात त्यांना रांगेतल्या खाटा, कुणाचा तरी चालू राहिलेला दिवा, छताकडे बघत पडलेली माणसं हे नवीन नसतं. कविता घरातली आहे, पण ती बघणारी नजर अशा रात्रींमधून आलेली आहे. हा माझा अंदाज आहे, सिद्ध करायला जाऊ नका.

आता पलंगांचं. आपण मराठी वाचक इथे दोन उलट चुका करू शकतो. एक म्हणजे ‘वेगळे पलंग? त्यात काय!’ असं म्हणणं. आपल्याकडे जुन्या घरांत आजोबा ओसरीवर आणि आजी माजघरात नातवंडांना घेऊन झोपलेली, हे इतकं सवयीचं होतं की त्यावर कुणी कविता करेल असं वाटणार नाही. चाळीतल्या एका खोलीत तर कोण कुठे झोपणार हे नात्यापेक्षा जागा ठरवायची. दुसरी चूक म्हणजे आज हॉटेलात ‘डबल की ट्विन’ विचारतात त्या कानाने ऐकणं आणि लगेच ‘भांडण झालंय’ असं ठरवणं. इंग्लंडमध्ये या दोन पलंगांना स्वतःचा इतिहास आहे. हिलरी हाइंड्स या अभ्यासक बाईंनी २०१९ मध्ये त्यावर अख्खं पुस्तक लिहिलंय. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आरोग्याबद्दल लिहिणारे डॉक्टर सांगायला लागले की एका पलंगावर झोपू नका, दुसऱ्याचा उच्छ्वास तुमच्या नाकात जातो. काहींचं तर म्हणणं होतं की अशक्त माणूस शेजारच्या धडधाकट माणसाची शक्ती झोपेत ओढून घेतो! मग विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत जुळे पलंग मध्यमवर्गात आधुनिकपणाचं लक्षण झाले. नव्या विचारांचं नवीन जोडपं, म्हणून दोन पलंग. पन्नाशीनंतर हवा फिरली आणि तेच पलंग थंड संसाराची खूण ठरले.

म्हणजे जेनिंग्स यांच्या आई-वडिलांच्या पिढीत दोन पलंग असणं ही काही दुःखाची बातमी नव्हती. पण कवितेत पहिल्याच ओळीत ‘आता’ असा शब्द आहे. आता वेगळे, म्हणजे आधी नव्हते. हा छोटा शब्द पलंगांना फर्निचर राहू देत नाही. हाच ‘आता’ कवितेच्या अगदी शेवटच्या ओळीत पुन्हा येतो. त्याकडे नंतर येऊ.

मधल्या कडव्यात तीन शब्द आहेत, त्यांच्यावर जरा थांबतो. पहिला ‘फ्लॉट्सम’. जहाज फुटलं की जे सामान पाण्यावर तरंगत राहतं ते. आई-वडील असे पडलेत, जुन्या आवेगातून किनाऱ्याला लागल्यासारखे. आता इंग्रजीत याचा एक जोडीदार शब्द आहे, ‘जेट्सम’. सागरी कायद्यात या दोघांत फरक करतात. जहाज हलकं करायला मुद्दाम समुद्रात फेकलेलं सामान ते जेट्सम, आणि कुणी न फेकता अपघाताने वाहत आलेलं ते फ्लॉट्सम. बाईंनी बरोबर शब्द उचललाय. या दोघांना कुणी टाकलेलं नाही, आणि त्यांनीही काही टाकून दिलेलं नाही. वादळ येऊन गेलं, जहाज गेलं, हे दोघं राहिले. शेजारी-शेजारी.

दुसरा शब्द ‘कन्फेशन’. चुकून स्पर्श झालाच तर तो कबुली दिल्यासारखा वाटतो, असं कविता म्हणते. कशाची कबुली? इथे ती दोन पर्याय ठेवते: भावना फार थोडी उरली आहे याची, किंवा फार जास्त आहे याची. आणि मग निवड न करता पुढे निघून जाते. मला वाटतं कवितेचा कणा हाच आहे. कॅथलिक माणसासाठी कन्फेशन म्हणजे पाद्रीसमोर जाळीआडून सांगायची गोष्ट. ती चारचौघांत होत नाही, आणि सांगितलेलं बाहेर जात नाही. म्हणजे स्पर्शात जे काही कबूल केलं जातं ते त्या दोघांपुरतं. लेकीला तो स्पर्श दिसू शकतो. त्यातली कबुली ऐकू येत नाही.

तिसरा शब्द ‘चॅस्टिटी’. याचं मराठी करायला बसलो आणि अडकलो. ‘ब्रह्मचर्य’ म्हटलं तर विद्यार्थी किंवा संन्यासी डोळ्यांसमोर येतो. ‘पावित्र्य’ म्हटलं तर भलताच वास येतो, बाईच्या अब्रूचा वगैरे. कॅथलिक शिकवणीत हा गुण लग्न झालेल्यांनाही लागू आहे, तिथे त्याचा अर्थ निष्ठा आणि संयम. कवितेत ही चॅस्टिटी त्यांच्यासमोर एखाद्या मुक्कामासारखी उभी आहे, जणू सगळं आयुष्य त्या मुक्कामाच्या तयारीतच गेलं. आपल्याला इथे वानप्रस्थ आठवणं साहजिक आहे, तो धागा अगदीच परका नाही. पण फरक बघा. वानप्रस्थ हा ठरवून घ्यायचा आश्रम, माणूस तिकडे निघतो. या दोघांनी काही ठरवलेलं दिसत नाही. आपण इतकी वर्षं कुठल्या गाडीत बसलो होतो हे त्यांना स्टेशन आल्यावर कळतंय. त्यांना तरी कळतंय का, हाही प्रश्नच.

इथे लार्किनला आणायचा मोह आवरत नाही. त्याच ‘मूव्हमेंट’मधला, आणि त्याचीही एक प्रसिद्ध कविता म्हणजे ‘ॲन अरुंडेल टूम’. चिचेस्टरच्या कॅथेड्रलमध्ये चौदाव्या शतकातल्या एका उमरावाची आणि त्याच्या बायकोची दगडी थडग्यावरची शिल्पं आहेत. दोघं शेजारी-शेजारी पडलेत आणि त्यांनी हात धरलेले आहेत. ते धरलेले हात बघून लार्किनने कविता लिहिली, संशय घेत घेत. आणि गंमत म्हणजे ती शिल्पं मोडकळीला आली होती, ते हात १८४० च्या दशकात दुरुस्तीत बसवलेले आहेत. दगडाच्या जोडप्याने हात धरलाय म्हणून आपण गहिवरायचं, आणि जिवंत जोडप्याने धरला नाही म्हणून ‘संपलं सगळं’ म्हणायचं? बाहेरून दिसणाऱ्या हातांवरून आतलं सांगता येत नाही, इकडेही आणि तिकडेही.

तर मग बाहेरून काय सांगता येतं? मी पेशाने इंजिनीअर, सवयीने मोजतो. अठरा ओळींत ‘सारखं’, ‘जणू’ या अर्थाचे शब्द पाच वेळा आलेत. मुलीसारखी. जणू वाट बघताहेत. वाहून आलेल्या सामानासारखे. कबुलीसारखा स्पर्श. धाग्यासारखी शांतता. म्हणजे कवितेतलं जवळजवळ सगळं ज्ञान अंदाजाचं आहे. आई मनात काय बघतेय हे लेकीला माहीत नाही, आई कुणासारखी दिसतेय एवढंच माहीत आहे.

तो धागा फार सुंदर आहे. दोघांमधली शांतता म्हणजे हातात धरायचा पण गुंडाळत जवळ ओढायचा नाही असा धागा. आमच्या क्षेत्रात याच्या जवळची एक गोष्ट आहे. दोन मशीनमध्ये टीसीपी कनेक्शन उघडं असतं, पण बराच वेळ डेटा काहीच जात नाही. नुसत्या शांततेवरून सांगता येत नाही की कनेक्शन जिवंत आहे की पलीकडचं मशीन केव्हाच बंद पडलंय. मग खात्री करायला ‘कीप-अलाइव्ह’ नावाचं छोटंसं पाकीट पाठवतात आणि उत्तर येतं का बघतात. कवितेतले दोघं ते पाकीटही पाठवत नाहीत. धागा ओढून बघत नाहीत. गरज नाही म्हणून, की तुटेल या भीतीने? पुन्हा तेच, थोडं की फार. कविता सांगत नाही.

घरचं थोडं सांगतो. दोनेक वर्षांपूर्वी आई हॉलमधल्या दिवाणावर झोपायला लागली. कारण अगदी साधं, बाबांचं घोरणं आणि पहाटे चारला उठून लाइट लावणं. मला हे सुट्टीत घरी गेल्यावर कळलं आणि मी बहिणीला फोन करून दबक्या आवाजात विचारलं, ‘सगळं ठीक आहे ना?’ ती म्हणाली, ‘आईलाच विचार की.’ आईला विचारलं तर म्हणाली, ‘अरे, झोप लागत नाही, एवढंच.’ आणि रात्री साडेदहाला आतल्या खोलीतून बाबांचा आवाज आला, ‘बीपीची गोळी घेतलीस?’ हॉलमधून उत्तर गेलं, ‘घेतली.’ मग दोन्हीकडचे दिवे बंद. त्या दोघांची काहीच तक्रार नव्हती. झोप माझी उडाली होती. सत्ताविसाव्या वर्षी, स्वतःचं भाड्याचं घर असताना, आई-वडील कुठे झोपतात यावर माझं नेमकं काय अडलं होतं?

याचं उत्तर मला कवितेच्या शेवटच्या दोन ओळींत दिसतं. सोळा ओळी कविता ‘तो’, ‘ती’, ‘ते दोघं’ म्हणत चालते. बोलणारी व्यक्ती स्वतः कुठेच नाही, ती खोलीत आहे की दाराशी आहे की नुसतं मनात बघतेय, पत्ता नाही. सतराव्या ओळीत ‘माझे’ येतं आणि अठराव्यात ‘मी’. आणि बघा, त्याआधीच ते ‘सारखं’, ‘जणू’ संपलेले असतात. काळ पिसासारखा आहे असंही ती म्हणत नाही, काळ सरळ पीस होतो आणि त्यांना हळूच स्पर्श करतो. (या दोघांना कवितेत नेमानं स्पर्श करणारा तेवढा एकच!) अंदाज संपतात, आणि लेकीची स्वतःची बाजू सुरू होते.

शेवटी ती विचारते, आपण म्हातारे झालोय हे या दोघांना माहीत आहे का? प्रश्न तेवढाच आहे. पण त्याच वाक्याच्या शेपटीत ती आणखी एक गोष्ट घालते: ज्या आगीतून मी जन्मले ती आता थंड झाली आहे. इथे तो दुसरा ‘आता’. व्याकरण नीट बघितलं तर ही आगीची गोष्ट विचारलेलीच नाही. ती गृहीत धरली आहे, आणि प्रश्नचिन्ह तिच्यानंतर आल्यामुळे तिच्यावरही शंका आहे असा भास होतो.

आपल्याला आग म्हटलं की लग्नातला होम आठवतो, साक्षीला असलेला अग्नी. ती प्रतिमा इथे लावू नका, गोंधळ होईल. आपला अग्नी साक्षीदार, संसारात काय झालं ते त्याने फक्त बघितलेलं. जेनिंग्स यांची आग म्हणजे थेट देहाची ओढ, ज्यातून मूल होतं.

आता ही दोन टोकं एकत्र धरून बघा. मधल्या कडव्यात, जिथे विषय त्या दोघांच्या भावनांचा होता, तिथे कविता ठरवायला नकार देते: थोडी असेल, फार असेल. शेवटी, जिथे विषय तिच्या स्वतःच्या उगमाचा आहे, तिथे ती ठरवून मोकळी होते: थंड झाली. पुरावा मात्र मधल्या काळात एकही वाढलेला नाही. तोच दिवा, तेच न वाचलेलं पुस्तक. म्हणून मला ही कविता आई-वडिलांच्या संसाराइतकीच मुलाच्या भीतीची वाटते. त्यांच्यातली ओढ संपली असेल तर ज्या गोष्टीमुळे मी आहे ती गोष्टच आता जगात नाही. हे दुःख त्या दोघांचं आहे असं आपण समजतो. ते असेलही. पण कवितेत सापडतं ते लेकीचं.

थोडं यमकाबद्दल, कारण ते मला उशिरा दिसलं. प्रत्येक कडवं सहा ओळींचं. पहिल्या दोन कडव्यांत शेवटच्या दोन ओळी एकमेकींशी यमक जुळवतात, म्हणजे कडवं जोडीने बंद होतं. तिसऱ्यात तसं होत नाही. तिथे यमक एकाआड एक जातं, शेवटपर्यंत. शेवटच्या दोन ओळी शेजारी आहेत, पण त्यांचं यमक एकमेकींशी नाही, एक ओळ सोडून पलीकडे आहे. हे मुद्दाम केलं असेल की कानाने आपोआप झालं असेल, दोन्ही शक्य आहे. मला दोन पलंग दिसले, एवढं खरं.

कविता शोधलीत तर एक करून बघा. शेवटचं वाक्य मोठ्याने वाचा. प्रश्न आहे म्हणून आवाज वर न्यायचा, पण कुठे? ‘म्हातारे’ या शब्दाशी वर नेला तर पुढे दोन ओळी खाली उतरत याव्या लागतात आणि ‘थंड’ हा शब्द विधानासारखा पडतो. ‘थंड’पर्यंत वर धरून ठेवला तर ती आगही प्रश्नात येते, म्हणजे विझली की नाही हे अजून कुणी बघितलेलं नाही. मी आधी नेहमी पहिल्या पद्धतीने वाचायचो. हल्ली दुसऱ्या पद्धतीने वाचतो, श्वास थोडा कमी पडतो.

चला, भेटू पुढच्या भागात.